नवस आपल्या अंगावर घ्या : नातीच्या उपचारात घरचा देवधर्म कसा सांभाळायचा

माझी नात 5 वर्षांची असताना, जानेवारी महिन्यात, तिला रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं. एएलएल म्हणतात त्याला, लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मी अंगणवाडी सेविका होते, मुलांची वजनं-उंच्या वहीत मांडण्यात माझी नोकरी सरली. घरातला देवधर्म सगळा माझ्याकडं. कुठला उपास, कुठली ओटी, कुणाचा नवस फेडायचा राहिलाय, हे सून मला विचारते. म्हणून हे मी मुख्यतः आज्ज्यांसाठी लिहितेय. डॉक्टर पथ्य सांगतात ते आईबापाला, पण अंगारा, तीर्थ आणि उपास आपल्या हातात असतात. ते कसे वापरायचे हे आपल्याला कुणी शिकवत नाही. मी चुकत चुकत शिकले.

आधी माझी चूक सांगते. पोरीला महिनाभर सारखा ताप येत होता, पाय दुखतात म्हणून रात्री रडायची, मांडीवर निळे डाग दिसायचे, तोंड पांढरं पडलं होतं. मी दृष्ट काढली. मीठ-मोहरी, लाल मिरच्या, आमच्यात काढतात तशी, तीन मंगळवार. दृष्ट काढली याचं मला वाईट वाटत नाही. तिच्या भरवशावर रक्त तपासायला तीन आठवडे उशीर झाला, याचं वाटतं. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करा. पिशवीतल्या दोन वस्तूंसारखी ही दोन कामं एकत्र ठेवा.

नवस कसा बोलायचा

बातमी फुटली तसे नातेवाईक आले आणि प्रत्येकानं नवस बोलला. कुणी म्हणालं, पोरीला जोतिबाच्या डोंगरावर चालवत नेईन. कुणी म्हणालं, वर्षभर तिला शनिवारचा उपास धरायला लावू. एकीनं तर तिचे केस देवीला कबूल केले. केस तर पंधरा दिवसांत उशीवर यायचेच होते.

मी तेव्हा एक वही काढली, सगळ्यांचे नवस लिहिले आणि ज्यात पोरीच्या अंगाला काही करायचं होतं त्यावर काट मारली. ज्यानं बोलला त्याला फोन करून सांगितलं, नवस तुझ्या अंगावर घे. चालायचं तर तू चाल. उपास धरायचा तर तू धर. देवाला शब्द मोठ्यांनी दिलाय, तो लेकराच्या शरीरातून फेडायचा नाही. माझ्या दिराला ते पटलं नाही, म्हणाला, असा नवस बदलता येत नाही. मी म्हणाले, भावजी, अंबाबाईला मी सांगते, तुम्ही काळजी करू नका. ज्यांना काहीतरी करायचंच होतं त्यांना मी रक्तपेढीत पाठवलं. या मुलांना प्लेटलेट सारख्या लागतात आणि काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवता येत नाहीत, माणूसच लागतो. पुतण्यानं 11 प्रदक्षिणा बोलल्या होत्या. त्याला सांगितलं, प्रदक्षिणा घाल, आणि येताना प्लेटलेट देऊन ये.

माझा स्वतःचा उपास मात्र मी वेगळ्या दिवशी नेला, ते जरा सविस्तर सांगते. या आजारात पाठीच्या मणक्यातून औषध देतात, कारण रक्तातून दिलेलं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं पोचत नाही. लहान मुलांना त्यासाठी बहुतेक ठिकाणी झोपेचं औषध देतात आणि त्याआधी पोट रिकामं ठेवतात. आम्हाला 6 तास जेवण नाही, शेवटचे 2 तास पाणीही नाही, असं सांगितलं होतं. स्टेरॉइडच्या औषधानं भूक खवळते, तसलं पोर सहा तास उपाशी ठेवणं काय असतं ते ज्यांनी ठेवलं त्यांनाच ठाऊक. पहिल्या वेळी ती पहाटे 4 वाजता उठून भात मागत होती आणि मी तिच्यासमोर बसून चहा प्याले. तिनं कपाकडं जसं बघितलं ते मी विसरणार नाही. त्या दिवसापासून माझा शुक्रवार मोडला आणि पाठीच्या सुईचा दिवस हा माझा उपास झाला. ती उपाशी, मी उपाशी. ती शुद्धीवर आली, डॉक्टर म्हणाले, द्या खायला, की दोघींनी एकाच डब्यातला मऊ भात खायचा. नंतर ती इतरांना सांगायची, आज माझा आणि आज्जीचा उपास हाय.

बाकी रोजचे माझे उपास मी बंद केले. रात्री वॉर्डात जागायचं आणि दिवसा साबुदाण्यावर राहायचं, यानं मीच चक्कर येऊन पडले असते.

गुलाल, माती, फुलं, तीर्थ

केमोनं वाईट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा आकडा म्हणजे एएनसी. तो 500 च्या खाली गेला की साधा जंतूही पोराला झेपत नाही. मी हा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात तिथीच्या खाली लिहू लागले. आकडा कमी असेल त्या दिवशी देवाचं काहीही बाहेरून आत येणार नाही, हा घरचा नियम झाला. तो करायला मला चैत्र लागला.

चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. थोरला जाऊन आला. सासनकाठ्या, गुलाल, सगळा अंगावर घेऊन दारात उभा. ‘चांगभलं’ म्हणत मी त्याच्या हातातला गुलाल बोटावर घेतला आणि पोरीच्या कपाळाला लावला. आकडा त्या दिवशी 220 होता. तिसऱ्या रात्री तिला 102 ताप. नऊ दिवस आत होती, दोनदा अँटिबायोटिक बदललं. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन गुलालाचं सांगितलं, पाय धरायचेच बाकी होते. त्या म्हणाल्या, काकू, अशा तापातले बरेचसे जंतू मुलाच्या स्वतःच्या आतड्यातून आणि कातडीवरूनच येतात, तुमच्या बोटानं झालं असं मी म्हणू शकत नाही. पण धूळ नको, बुरशी धुळीतून येते. मला त्यांनी सोडवलं, आणि नियमही दिला.

तेव्हा आता असं. गुलाल, भंडारा, अंगारा मोठ्यांच्या कपाळाला, आणि घरात शिरायच्या आधी कपडे बदलायचे. आदमापूरचा भंडारा कुणी आणला तर पुडी न उघडता देव्हाऱ्यात. जिभेवर तर काहीच नाही. पंचामृतात कच्चं दूध असतं, तीर्थ कुठल्या पाण्याचं ते माहीत नसतं, दोन्ही नको. प्रसादाचं खोबरं नको, त्याला बुरशी धरलेली दिसतही नाही. केळ चालतं, धुऊन, घरी सोलून. घरी केलेला गरम शिरा चालतो. पुरणपोळी तव्यावरून ताटात आली तर चालते. देव्हारा तिच्या खोलीतून स्वयंपाकघरात हलवला, हार-फुलं तिथंच, रोज निर्माल्य बाहेर. फुलदाणीचं पाणी तिच्या खोलीत कधीच नाही. उदबत्ती बंद, निरांजन चालू.

नवरात्रात घट बसवायचा तर ओली माती आणि त्यात नऊ दिवस उगवणारं धान्य. बुरशीला याहून चांगलं घर नाही. आमचा घट तीन पिढ्यांत कधी हलला नव्हता. तो मी धाकट्या जावेच्या घरी बसवला आणि रोज माळ चढवायला तिकडं चालत गेले. मनाला लागलं. पण माळ चुकली नाही.

दंडातला ताईत, मनगटातला काळा दोरा यांबद्दल वॉर्डात भांडणं होतात. दोरा भिजतो, मळ धरतो, आणि सलाइनची सुई तिथंच लावायची असते. आम्ही दोरे छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उशाच्या दांडीला बांधले. सिस्टरांना विचारून बांधले, त्यांनी हसून परवानगी दिली.

सगळ्यात धोक्याचं एक सांगते. आपल्याकडं गोवर-कांजिण्या आल्या की ‘बाया आल्यात’ म्हणतात आणि कुणाला सांगत नाहीत. शेजारच्या, शाळेतल्या, नातेवाइकांच्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि आपलं पोर त्याच्याजवळ बसलं होतं असं कळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही दिवसांच्या आत संरक्षणाचं औषध देता येतं, नंतर त्याचा उपयोग राहत नाही. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडून सांगितलं होतं, तुमच्या घरी देवी आली तर मला लपवू नका, माझ्या घरी तिला झेपणारं लेकरू नाही.

ताप आणि आरती

100.4 म्हणजे दवाखाना. थर्मामीटर काखेत, आणि क्रोसिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण ताप दबतो आणि जंतू वाढत राहतो. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक जायला हवं, असं डॉक्टर सांगतात. अष्टमीच्या रात्री जावेकडं आरती चालू असताना सुनेचा फोन आला, 101 आहे. माझ्या हातात ताट होतं, तिसरं कडवं चालू होतं. ते ताट मी जावेच्या हातात दिलं आणि तशीच निघाले. आरती पुरी करून जा म्हणणारं कुणीतरी असतंच. ताट देऊन निघायचं.

पिशवी कायम भरलेली ठेवा. फाइल, आधार, रेशनकार्ड, शेवटचा रिपोर्ट, टोपी, तिची चादर. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात करून घ्या. मुंबईला जायचं असेल तर दवाखान्याकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. आम्ही पहिला महिना आणि नंतर तपासण्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळला टाटाला जायचो. पोरगी विचारायची, ही देवीची गाडी हाय का? मी हो म्हणायचे.

औषध आणि वार

हे मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः बसवलं, आणि आज वॉर्डातल्या नव्या आज्ज्यांना सांगते. जोराचे उपचार संपले की गोळ्यांचा लांब टप्पा येतो, सगळे मिळून दोन वर्षांच्या वर जातं. पोर बरं दिसतं, केस येतात, शाळेत जातं, आणि इथंच माणसं गोळ्या चुकवतात. गोळ्या चुकल्या की आजार परत यायची भीती वाढते. रोज रात्री 6-एमपी नावाची एक गोळी, आणि मेथोट्रेक्सेट नावाची दुसरी आठवड्यातून एकदाच. हे दुसरं रोज दिलं गेलं तर विषासारखं चढतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून मेथोट्रेक्सेटचा वार डॉक्टरांना विचारून गुरुवार ठेवला. दत्ताची आरती झाल्याशिवाय ती डबी उघडायचीच नाही, आणि आरती आठवड्यात एकदाच. रोजच्या गोळीआधी ‘शुभं करोति’. म्हटलं की कालनिर्णयवर टिंब. अजून एक टिंब चुकलेलं नाही.

तिला बाटल्यांचे रंग पाठ झाले होते. पिवळं मेथोट्रेक्सेट म्हणजे भंडारा, लाल औषध म्हणजे गुलाल. आज काय, भंडारा का गुलाल, असं सिस्टरांना विचारायची.

औषधांची नावं मीही समजून घेतली, आणि त्यानं माझी प्रार्थना बदलली. मेथोट्रेक्सेट ज्यांच्या हाताखालच्या चमूनं अमेरिकेत तयार केलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव, 1895 साली आंध्रात भीमावरमला जन्मलेले. त्याच जातीच्या आधीच्या औषधानं 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांचा हा आजार काही काळ मागं हटवून दाखवला. आणि व्हिन्क्रिस्टिन हे सलाइनमधून जाणारं औषध येतं सदाफुलीपासून. मी चाळीस वर्षं सदाफुलीची फुलं देवाला वाहिली, दारातल्या डब्यात दोन रोपं होती. सकाळी पूजेत मी आता सुब्बारावांचं नाव घेते. देवानंतर लगेच.

यावरून एक ताकीद. हे कळल्यावर एका नात्यातल्या बाईनं सदाफुलीची पानं वाटून रस आणला. तो मी मोरीत ओतला. सलाइनमधून जातं ते मोजून, गाळून, एका अंशाचं काढलेलं औषध असतं. पानात विष असतं. काढे, भस्म, गोमूत्र, कुठल्याही पुड्या, सगळ्याला हेच उत्तर. यकृतावर आधीच केमोचा भार असतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात काही नाही.

श्रावणात तिचा दुसरा स्टेरॉइडचा टप्पा आला. भूक अशी की मध्यरात्री उठून अंडं मागायची. आमच्या घरात श्रावणात अंड्याचं नाव निघत नाही. पहिल्या रात्री मी तिला गूळ-पोळी दिली. ती खाऊन पुन्हा अंडं. दुसऱ्या रात्री मी उठले, आंघोळ केली, देव्हाऱ्यावर पडदा ओढला आणि अंडं 12 मिनिटं उकडलं, कारण कच्चं राहिलेलं चालत नाही. सोलून, चार फोडी करून, वर मीठ न टाकता दिलं. ती मांडीवर बसून खाताना तिच्या गालांवर स्टेरॉइडची सूज होती, डोळे मिटत होते आणि तोंड चालू होतं. सकाळी मी पडदा उघडला आणि पूजा केली. काहीही झालं नाही.

सांगणारे लोक

एक जण आला, पितृदोष आहे म्हणाला, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा, तीन दिवसांचा विधी, तोवर केमो थांबवा. एक जण म्हणाला, केमोनंच मुलं मरतात, माझ्या गुरूंकडं या. दोघांनाही मी एकच विचारलं, थांबवलं आणि वाढलं तर जबाबदारी लिहून देता का? दोघंही परत आले नाहीत. विधी करायचा असेल तर घरातल्या पुरुषांनी जाऊन करावा, केमोची तारीख हलणार नाही. एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा, सारखं लागतं.

मुंबईत आमच्या शेजारच्या खोलीत विजापूरकडची एक भाभी होती, तिच्या मुलाला हाच आजार. ती रोज दुआ वाचायची आणि मुलावर फुंकर घालायची. आकडा पडला तशी तिनं फुंकर सोडली, हात धुऊन मास्क लावून दारातच उभी राहायची. मला म्हणाली, दुआ लांबूनबी पोचते अम्मा. माझ्या नातीसाठीही वाचायची. मी तिच्या मुलाचं नाव घेऊन रामरक्षा म्हणायचे.

पोरगी विचारते तेव्हा

मुलं सगळं ऐकत असतात. एका रात्री मला म्हणाली, ‘आज्जी, मी काय केलो म्हणून अंबाबाई माझ्यावर रागावली?’ आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, केलो, आलो. कुणीतरी तिच्यासमोर ‘कुणाचं पाप’ असं म्हटलं होतं. मी दिवा लावला, तिला बसवलं आणि सरळ सांगितलं. तू काही केलं नाहीस. अंबाबाई रागावलेली नाही. तुझ्या हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथं काही पेशी बिघडल्यात, त्या का बिघडतात हे डॉक्टरांनाबी पुरतं ठाऊक नाही. याला कॅन्सर म्हणतात. तो शिवून कुणाला होत नाही. तिनं विचारलं, आईला पण न्हाई होणार? न्हाई. मग झोपली. कॅन्सर हा शब्द घरात बोला. नाही बोललात तर पोरं त्या जागी पाप भरतात.

दुसरा प्रश्न कठीण होता. वॉर्डात समोरच्या खाटेवर एक मुलगा होता, दोघं लुडो खेळायची. तो गेला. चार दिवसांनी ती म्हणाली, ‘त्याच्या आईनं नवस बोलली नव्हती काय?’

बोलली होती. मी बघितलं होतं, ती बाई खाटेखाली बसून जप करायची, माझ्यापेक्षा जास्त. मी नातीला तेच सांगितलं. बोलली होती गं बाळा, खूप. मग का गेला? मी म्हणाले, मला माहीत नाही. देवाला विचारलंय मी, अजून सांगितलं नाही त्यानं. ती बराच वेळ माझ्या पदराची दशी पिळत बसली. म्हणाली, त्याचा लाल लुडो त्याच्या आईला देऊया. दुसऱ्या दिवशी दिला.

त्या दिवसापासून ‘आमच्या नवसानं पोरगी तरली’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही आणि माझ्यासमोर कुणाला काढू देत नाही. ऐकणाऱ्यांत ती बाई असू शकते. मी देवीपुढं आता मागतेही वेगळं. उद्याची शीर पहिल्या टोचण्यात सापडू दे. सुनेला आज झोप लागू दे. मुलाच्या रिक्षाला दोन भाडी जास्त मिळू देत. तिच्या गोळीची वेळ मला आठवू दे. हे मागितलं की उठायला बळ येतं.

मंदिरात तिला अजून गर्दीत नेलेलं नाही. आकडा चांगला असेल तेव्हा पहाटे, मास्क लावून, महाद्वाराबाहेरून हात जोडून परत. किरणोत्सव मोबाईलवर. पहिल्या वर्षी ती टाटात होती तेव्हा तिसऱ्या दिवशी सूर्याची किरणं देवीच्या मुखापर्यंत गेल्याची क्लिप मुलानं पाठवली, ती तिनं सलाइन चालू असताना सिस्टरांना, वॉर्डबॉयला आणि भाभीला सगळ्यांना दाखवली.

वहीत आता तीन नवस बाकी आहेत. दीर वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, चालत जायचा आहे, 17-18 किलोमीटर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून थांबलाय. धाकट्या जावेची त्र्यंबोली देवीची ओटी राहिलीय. पुतण्याच्या प्रदक्षिणा झाल्या, प्लेटलेट पाचदा झाल्या. शेवटच्या ओळीत माझं आहे, अंबाबाईला साडी. रंग पोरगी ठरवणार आहे. काल म्हणाली पिवळा, भंडाऱ्यासारखा. आज म्हणतेय, थांब अजून.